तंबूतली वीज: १२ व्होल्टचा पॉवर बॉक्स घरी कसा बांधायचा

दोन-तीन रात्रींच्या मुक्कामात फोन, कॅमेरा, दिवा आणि छोटा पंखा चालवायचा असेल, तर पॉवर बँक पुरत नाही आणि गाडीची बॅटरी उपसत बसणं शहाणपणाचं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, सेलचा छोटा पॉवर बॉक्स हा त्यावरचा चांगला उपाय आहे. बांधायला तो अवघड नाही. पण पहिल्यांदा बांधणाऱ्यांचं सगळं लक्ष सेलच्या निवडीकडे असतं आणि वाट लागते ती जोडांची: सैल नट, चुकीचं क्रिम्पिंग (वायरचं टोक दाबून घट्ट करणं), चुकीच्या जागी लावलेला फ्यूज. या लेखात जोडांवर जास्त वेळ घालवला आहे, तो त्यामुळेच.

एक गोष्ट आधी. हा बॉक्स भरून सहा-सात किलोचा होतो. वाहन जिथपर्यंत जातं तिथल्या मुक्कामासाठी तो आहे. पाठीवर सामान घेऊन चालणार असाल तर २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या. तिच्यात साधारण ७४ वॉट-अवर असतात आणि वजन अर्धा किलोच्या आत-बाहेर.

१. आधी हिशेब, मग खरेदी

सगळा हिशेब वॉट-अवरमध्ये करा. एमएएचमध्ये केलात तर फसाल, कारण फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची, कॅमेऱ्याची ७.२ ची आणि तुमचा बॉक्स १२.८ चा. तिघांचे एमएएच एकमेकांत मिसळत नाहीत.

५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-अवर मावतात, पण चार्ज करताना वाटेत गळती होते, म्हणून २५ धरा. असे दोन फोन रोज, म्हणजे ५०. पाच वॉटचा दिवा पाच तास, २५. कॅमेऱ्याची एक बॅटरी, २०. दहा वॉटचा पंखा रात्रभर आठ तास, ८०. बेरीज १७५ वॉट-अवर रोजची, दोन दिवसांची ३५०. बॅटरी तळापर्यंत खरवडायची नसते, म्हणून ०.८५ ने भागा: ४१२. त्याला १२.८ व्होल्टने भागलं की ३२ अँपिअर-अवर. यावरून ५० अँपिअर-अवरचे चार सेल घ्यावेत. एकूण ६४० वॉट-अवर मिळतात आणि एखादा ढगाळ दिवस निभावतो.

यादीत सगळ्यात जास्त कोण खातंय ते बघा. जवळजवळ नेहमी पंखाच असतो. तो पाच वॉटचा मिळाला तर सेल एका मापाने लहान घेता येतील.

एसी देणारा इन्व्हर्टर या बॉक्समध्ये घालू नका. बॅटरीच्या डीसीचं एसी करायचं आणि फोनच्या चार्जरने त्याचं पुन्हा डीसी करायचं, यात दोनदा तोटा. शिवाय छोटा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू राहिला तरी पाच-दहा वॉट खातो. आठ वॉट धरले तर दिवसाला १९२ वॉट-अवर, म्हणजे वरच्या सगळ्या यादीपेक्षा जास्त.

२. साहित्य आणि हत्यारं

साहित्य:

– एलएफपी प्रिझमॅटिक सेल, ३.२ व्होल्ट ५० अँपिअर-अवर, चार नग, एकाच बॅचचे
– ४-एस (मालिकेतल्या चार सेलचा) एलएफपी बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवून गरजेला बॅटरी तोडणारी पाटी, ४० किंवा ५० अँपिअर, कमी तापमानाला चार्जिंग तोडणारा
– मुख्य फ्यूज ३० अँपिअर, एमआरबीएफ प्रकारचा (थेट बॅटरीच्या बोल्टवर बसणारा), होल्डरसह
– ब्लेड फ्यूजची सहा खणांची पेटी, ३, ७.५, १० आणि १५ अँपिअरचे फ्यूज, प्रत्येकी दोन जास्तीचे
– मुख्य स्विच, डीसीसाठीचा, ५० अँपिअर किंवा जास्त
– शंटसह (करंट मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) कुलॉम्ब मीटर, म्हणजे बॅटरीत किती गेलं-आलं ते मोजणारा, ५० अँपिअर
– यूएसबी-सी पीडी (जलद चार्जिंगचं) मॉड्यूल, १२ व्होल्टचं सॉकेट, एक्सटी-६० जोड (जास्त करंटचा दोन पिनांचा प्लग)
– वायर: मुख्य मार्गाला ६ चौरस मिलिमीटर, फाट्यांना २.५, मऊ, अनेक तारांची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली
– तांब्याचे लग (वायरच्या टोकाला बसवायची भोकाची टोकं), हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी), दोन सेलच्या मध्ये घालायला इपॉक्सी-ग्लासचे पातळ तक्ते
– झाकणाची प्लॅस्टिकची टूलबॉक्स
– १४.६ व्होल्ट १० अँपिअरचा एलएफपी चार्जर; सौर पॅनल वापरणार असाल तर १० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा)

हत्यारं: मल्टिमीटर, लगच्या मापाचं क्रिम्पिंग टूल, टॉर्क पाना, सोल्डरिंग गन, व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा बेंच पॉवर सप्लाय. शेवटची वस्तू कोणाकडून तरी मागून आणा. तिचं काम एकदाच आहे.

सेल आणि बीएमएस या दोन्हींची उत्पादकाची माहितीपत्रकं उतरवून ठेवा. नटाचा टॉर्क, तापमानाच्या मर्यादा आणि बीएमएसच्या वायरींचा क्रम तिथूनच घ्यायचा. एकाच दिसण्याच्या दोन बीएमएसमध्ये वायरींचा क्रम वेगळा असू शकतो.

खरेदीतला मोठा सापळा: १२ व्होल्टचा म्हणून विकला जाणारा ३-एस लिथियम-आयन बीएमएस. तो ४.२ व्होल्टच्या सेलसाठी असतो आणि एलएफपीला चालत नाही. पाकिटावर ४-एस आणि एलएफपी हे दोन्ही शब्द हवेत. यूएसबी-सी मॉड्यूल घेतानाही पत्रक वाचा. ६५ वॉट लिहिलेली काही मॉड्यूल १२ व्होल्टवरून २० व्होल्ट देऊ शकत नाहीत, त्यांना २४ व्होल्ट लागतात. लॅपटॉप चार्ज होत नाही तेव्हा कारण बहुतेक हेच असतं.

३. सेल समान पातळीवर आणा

ही पायरी गाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. सेल येतात ते अर्धवट भरलेले, आणि चौघांची भरण थोडी वेगळी असते. तसेच जोडले तर चार्जिंगमध्ये एक सेल आधी भरतो, बीएमएस सगळं चार्जिंग तोडतो आणि उरलेले तीन अर्धपोटी राहतात. बीएमएसमधलं बॅलन्सिंग हे मिटवेल या भरवशावर राहू नका. ते बहुधा काही दशांश अँपिअरसुद्धा नसतं, आणि अनेक अँपिअर-अवरचा फरक त्याला महिनोन्‌महिने पुरतो.

आधी प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजा. कोणत्याही दोनमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमीवाला आधी एकटा चार्ज करा. मग चारही सेल समांतर जोडा, सगळे धन एकत्र आणि सगळे ऋण एकत्र.

आता बेंच सप्लाय. त्याच्या तारा मोकळ्या असतानाच व्होल्टेज ३.६५ ला लावा आणि ते तारांच्या टोकाला मल्टिमीटर लावून खात्री करा. सप्लायच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. मग सेलना जोडा. जोडताक्षणी पडदा ३.३ च्या आसपास दाखवू लागेल. इथे व्होल्टेजच्या नॉबला हात लावायचा नाही. चार्जिंग हळू वाटतं म्हणून नॉब वर फिरवायचा आणि झोपायला जायचं, असं करून लोकांनी नवेकोरे सेल फुगवले आहेत. व्होल्टेज आपोआप चढतं. चार सेल मिळून २०० अँपिअर-अवर होतात, त्यामुळे १० अँपिअरच्या सप्लायला एक दिवस किंवा जास्तही लागेल. शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज झपाट्याने वर जातं, तेव्हा जवळ थांबा. करंट दोन अँपिअरच्या खाली आला की सप्लाय काढा.

४. सेल बांधा आणि मालिकेत जोडा

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. १३ व्होल्टचा झटका बसत नाही, पण अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर क्षणात लाल होते. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा आणि ज्या सेलवर काम चालू नाही त्याची टोकं झाकून ठेवा.

सेलचं निळं वेष्टन पातळ असतं आणि आतलं ॲल्युमिनियमचं आवरण विजेच्या दृष्टीने निर्जीव नसतं. प्रवासातल्या हादऱ्यांनी वेष्टन घासलं गेलं की दोन शेजाऱ्यांची आवरणं एकमेकांना टेकतात. म्हणून प्रत्येक दोन सेलमध्ये इपॉक्सी-ग्लासचा तक्ता हवा. चौघांना पट्ट्याने घट्ट बांधा, पण आवळून पिळू नका. वरचा छोटा गोल व्हॉल्व्ह झाकला जाऊ नये आणि सेल उलटे ठेवू नयेत.

टोकं बारीक पॉलिश कागदाने हलकी घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पटकन चढतो. पुसल्यावर लगेच बसबार (सेलची टोकं जोडणारी धातूची पट्टी) बसवा, एका सेलचं धन पुढच्या सेलच्या ऋणाला. बसबार थेट टोकावर बसला पाहिजे. वॉशर आला तर बसबारच्या वर, नटाखाली. बसबार आणि टोक यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर घातला की सगळा करंट त्या पोलादातून जातो आणि जोड तापतो. एम-६ नटाला बहुतेकदा ४ ते ६ न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. अंतिम आकडा पत्रकातला. ॲल्युमिनियमचे आटे जास्त आवळले की उखडतात आणि मग तो सेल बादच समजा.

५. बीएमएस

क्रम महत्त्वाचा आहे. बारीक वायरींचा प्लग बीएमएसमधून काढून ठेवा. बीएमएसची जाड बी-मायनस (बॅटरीकडची ऋण) वायर पॅकच्या शेवटच्या ऋण टोकाला जोडा. मग बारीक वायरी: पहिली त्याच ऋण टोकाला, दुसरी पहिल्या सेलच्या धन टोकाला, अशा करत पाचवी पॅकच्या धन टोकाला.

प्लग लावण्याआधी मल्टिमीटरची काळी सुई पहिल्या पिनवर धरा आणि लाल सुई एकेक पिन पुढे सरकवा. ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशी चढण दिसली पाहिजे. सेल नुकतेच भरले असतील तर आकडे थोडे जास्त येतील, पण पायऱ्या सारख्या हव्यात. एखादी पायरी चुकली आणि तसाच प्लग लावलात तर बीएमएस तिथेच जळतो.

आता पी-मायनस (बाहेर जाणारं ऋण टोक) आणि बी-मायनस यांमध्ये व्होल्टेज मोजा. बीएमएस जागा असेल तर जवळपास शून्य येतं. बरेच बीएमएस जोडल्यावर झोपलेलेच असतात आणि पी-मायनसवर काहीच मिळत नाही. घाबरून वायरी उपटू नका. चार्जर लावला की जागा होतो.

इथून पुढे प्रत्येक ऋण वायर पी-मायनसवरून निघेल. चार्जर, सौर कंट्रोलर, सॉकेट, कोणीही बी-मायनसला जोडायचं नाही. एखादी वायर तिकडे गेली तर तिच्यापुरता बीएमएस नसल्यातच जमा, आणि दिसायला सगळं नीट चालत राहतं. हीच त्यातली वाईट गोष्ट.

६. फ्यूज आणि वायरी

मुख्य फ्यूज पॅकच्या धन टोकाला लागून, शक्यतो त्याच बोल्टवर. टोक आणि फ्यूज यांमधल्या वायरला कोणाचंही संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

साधा ब्लेड फ्यूज इथे का चालत नाही? एका सेलचा अंतर्गत रोध एक मिलिओहमपेक्षाही कमी असतो. चार सेल आणि बसबार मिळून पाच मिलिओहम धरा. शॉर्ट झालं तर १३ भागिले ०.००५, म्हणजे २,६०० अँपिअर. ब्लेड फ्यूज साधारण १,००० अँपिअरपर्यंतच सुरक्षित तोडू शकतो. त्यापुढे आतली तार वितळली तरी ठिणगीचा कमान-प्रवाह चालू राहू शकतो. एमआरबीएफ फ्यूज काही हजार अँपिअर तोडतो. पुढे फाट्यांवर मात्र ब्लेड फ्यूज ठीक आहेत: यूएसबी मॉड्यूलला ७.५, सॉकेटला १०, दिव्याला ३, सौर कंट्रोलर आणि चार्जरच्या वाटेला १५.

धन बाजूचा मार्ग: पॅक, मुख्य फ्यूज, मुख्य स्विच, ब्लेड फ्यूजची पेटी. ऋण बाजूचा: पॅक, बीएमएस, शंट, ऋण पट्टी. शंटला वळसा घालून एखादी ऋण वायर गेली तर मीटर तेवढा करंट मोजणारच नाही.

लग क्रिम्प करा, सोल्डर करू नका. सोल्डर तारांमधून वर चढतं, तिथे वायर कडक काठी होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या रेषेवर तुटते. क्रिम्प झाल्यावर लग धरून वायर जोरात ओढा. सुटली तर आत्ता सुटलेली बरी. एक्सटी-६० चे कप मात्र सोल्डर करण्यासाठीच असतात. तिथे बाहेर हीट श्रिंक चढवा आणि वायर बॉक्सला बांधा, म्हणजे ताण जोडावर येत नाही.

७. चार्जिंग

चार्जर १४.६ व्होल्टचा, एलएफपीचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा चार्जर वापरू नका, कारण त्यातले काही मधूनच १५ व्होल्टच्या वर उडी मारतात.

सौर कंट्रोलरवर चार्जिंगचं व्होल्टेज १४.६ ऐवजी १४.२ ठेवा आणि फ्लोट (भरल्यानंतर टिकवून धरायचं व्होल्टेज) १३.५. क्षमतेत फरक नगण्य पडतो. १४.६ वर एखादा सेल मर्यादेच्या वर गेला तर बीएमएस अचानक बॅटरी तोडतो, आणि पॅनल जोडलेलं असताना बॅटरी गायब झालेली काही कंट्रोलरना सोसत नाही. याच कारणाने जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

शंभर वॉटच्या पॅनलकडून शंभर वॉट मागू नका. चांगल्या उन्हात ६०-७० मिळतात आणि स्वच्छ दिवसाचे मिळून २५० ते ३५० वॉट-अवर. पॅनलमधले सौर सेल मालिकेत असतात, त्यामुळे एका फांदीची सावली तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त उत्पादन खाते. तंबू सावलीत लावा, पॅनल उन्हात आणि मध्ये लांब वायर. पॅनलचं खुलं व्होल्टेज साधारण २२ असतं. दोन पॅनल मालिकेत लावली तर ४४, आणि थंड पहाटे त्याहून थोडं जास्त. कंट्रोलरची मर्यादा याच्या वर हवी.

शून्य अंशांच्या खाली एलएफपी सेल चार्ज करायचे नाहीत. थंड सेलमध्ये लिथियम आत शिरण्याऐवजी धातू बनून पृष्ठभागावर साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. वापरायला, म्हणजे डिस्चार्ज करायला, बहुतेक सेलना उणे २० पर्यंत परवानगी असते. बर्फातल्या मुक्कामात बॉक्स तंबूच्या आत घ्या.

८. निघण्याआधी तपासणी

१५ अँपिअरचा भार जोडा. गाडीचे ५५ वॉटचे हेडलाइट बल्ब यासाठी उत्तम: एक साधारण साडेचार अँपिअर घेतो, तीन लावले की पुरे. मात्र १० अँपिअरच्या सॉकेटमधून नको. १५ अँपिअरच्या वाटेवर दोन आणि सॉकेटवर एक असे वाटून द्या. दहा मिनिटं चालू द्या आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजा. चांगला जोड दोन-तीन मिलिव्होल्ट दाखवतो. सुमारे १५ दाखवला तर तिथे एक मिलिओहम आहे. तो जोड उघडा, साफ करा, पुन्हा आवळा. हाताला गरम लागेपर्यंत थांबू नका, तोवर उशीर झालेला असतो. फ्यूजची दोन टोकं आणि स्विच यांचे आकडे थोडे जास्त येणं साहजिक आहे.

मग एकच बल्ब लावून पूर्ण क्षमता मोजा. साधारण अकरा तास चालला पाहिजे. कुलॉम्ब मीटर पूर्ण चार्जवर शंभर टक्क्यांना लावायला विसरू नका, कारण एलएफपीमध्ये व्होल्टेज पाहून किती उरलं हे कळत नाही. नव्वद टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत ते जेमतेम १३.३ वरून १३.० वर येतं. व्होल्टमीटरवर अर्धी बॅटरी दिसते आणि तासाभरात अंधार होतो, तो यामुळे. बीएमएसची २.५ व्होल्टची तोड ही शेवटची भिंत आहे, पॅक १२.० वर आला की तुम्हीच भार बंद करा.

९. मुक्कामावर आणि नंतर

बॉक्सला खालच्या बाजूला दोन-चार बारीक भोकं ठेवा. पावसापासून वाचवायला रबर लावून हवाबंद केलेल्या बॉक्समध्ये रात्री दव आतच साचतं, आणि एखाद्या सेलचा व्हॉल्व्ह उघडला तर वायूला वाट राहत नाही. उन्हात उभ्या बंद गाडीत बॉक्स ठेवू नका. ४५ अंशांच्या वर चार्जिंग तर नकोच.

घरी आल्यावर मुख्य स्विच बंद करा. यूएसबी मॉड्यूलचा निळा दिवा आणि मीटरचा पडदा मिळून २० मिलिअँपिअर घेत असतील तर महिन्याला १४ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पाव बॅटरीहून जास्त. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर ४० ते ६० टक्के भरलेला, थंड कोरड्या जागी ठेवा. दर मोसमाला एकदा नटांचा टॉर्क तपासा आणि मिलिव्होल्टची चाचणी पुन्हा करा.

विमानाने जाणार असाल तर बॉक्स घरीच. १०० वॉट-अवरच्या वर विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. आपला बॉक्स ६४० चा आहे.

एखादा सेल फुगला किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला, तर तो पॅक चार्ज करू नका आणि फुगलेला सेल दाबून सपाट करू नका. बॉक्स मोकळ्या हवेत, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवा, जोड सोडवा, टोकांवर टेप लावा आणि सेल बॅटरी-पुनर्वापर केंद्रात द्या; घरच्या कचऱ्यात नाही.